शजऱ्यात नसलेली नावे

गेल्या रमजान ईदला आम्ही पिंपळवंडीला गेलो होतो. पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगाव मागे पडले आणि आळेफाटा अजून यायचा असला की हे गाव लागते. आमचे मूळ घर तिथले. ईदच्या दिवशी चार घरची माणसे एकत्र येतात, म्हणून आमच्या एका चुलतभावाने हौसेने घराण्याचा शजरा तयार करून त्याचा मोठा फ्लेक्स छापून आणला होता. सात पिढ्या. खाली खोड, वर फांद्या आणि प्रत्येक पानावर एक नाव. ओसरीत तो टांगला, तेव्हा सगळे आपापले नाव शोधू लागले. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले.

आमच्या फुफींनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढायला लावली आणि वरपासून खालपर्यंत सगळी पाने नजरेखालून घातली. मग म्हणाल्या, "बेटा, यात मी कुठं हाय?"

चुलतभाऊ गडबडला. म्हणाला, "फुफी, शजऱ्यात मुलींची नावं नसतात. तुम्ही सासरच्या शजऱ्यात असाल."

"तिथं पण न्हाई," फुफी म्हणाल्या. "तिथं फक्त माझ्या पोरांची हायेत."

कोणी काही बोलले नाही. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरल्या आणि विषय बदलला. आम्हाला मात्र घरी परतल्यावरही तो प्रश्न सोडेना. फुफींचे नाव तर आम्हाला ठाऊक होते, ते लिहिता आले असते. पण फुफींची दादी? तिची सासू? त्यांची नावे फुफींनाही सांगता येईनात. "दादीला सगळे बडी माँ म्हणायचे," एवढेच त्यांना आठवत होते.

घराण्याचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण वडीलधाऱ्यांना विचारतो, कबरस्तानात जाऊन पाहतो, जुने निकाहनामे काढतो. हे सारे करावेच. पण स्त्रियांची नावे या वाटेने फार मागे जात नाहीत. खेड्यातल्या बहुतेक कबरींवर दगडच नसतो, आणि आमच्या घरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एकही निकाहनामा निघाला नाही. मग ही नावे कुठे सापडावीत? अनुभवाने आम्हाला जे कळले ते सांगतो. घरात सगळे सुरळीत असले की कोणी काही लिहून ठेवत नाही. वाद झाला की लिहावे लागते. म्हणून घराण्याची माणसे, त्यातही विधवा, मुली आणि पोरकी मुले, सापडतात ती कोर्टाच्या दप्तरात.

हे दप्तर शोधताना पहिला प्रश्न असा की, त्या काळी आपल्या गावावर अंमल कोणाचा होता? जुन्नर परगण्याने अनेक राज्ये पाहिली. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली ती जुन्नरलाच. अहमदनगर शहर त्यानंतरचे. पुढे मोगल आले, मग पेशवाई आणि १८१८ नंतर इंग्रज. प्रत्येकाची न्यायाची रीत वेगळी आणि दप्तर ठेवण्याची जागाही वेगळी. ही अडचण काही आपल्यापुरती नाही. जर्मनीत जुन्या साम्राज्याचे वरिष्ठ न्यायालय १४९५ मध्ये स्थापन झाले आणि १८०६ मध्ये साम्राज्याबरोबरच संपले. त्याच्या हजारो खटल्यांचे कागद पुढे निरनिराळ्या प्रांतांच्या दफ्तरखान्यांत वाटले गेले. आज तिथल्या माणसाला आपल्या पूर्वजाचा खटला हवा असेल, तर तो पूर्वज कोणत्या गावचा आणि ते गाव तेव्हा कोणत्या संस्थानात होते, हे त्याला आधी ठरवावे लागते. पिंपळवंडीच्या माणसालाही हेच करावे लागते.

मराठा काळात गावचा तंटा गोतसभेपुढे किंवा मजालसीपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेटे-महाजन बसत. परगण्याच्या ठिकाणी काजीही हजर असे. निर्णयाचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. हजर असलेल्यांची नावे त्यावर येत आणि ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या कामाची खूण काढी. पाटलाच्या नावापुढे नांगर दिसतो. या कागदांतले शब्द पाहा: महजर, मजालस, तकरीर, करीना, राजीनामा. सगळे आपल्या ओळखीचे अरबी-फारसी शब्द, लिपी मोडी आणि भाषा मराठी. त्या काळच्या दप्तरांत जुन्नरी कागदाला मोठा मान होता, आणि तो हाताने बनवणारे जुन्नरचे कागदी मुसलमानच होते. जुन्या दप्तरात आपले काय असणार, असे मुसलमान घरांत पुष्कळदा ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मराठा काळाचे हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. लोक त्याला पेशवे दफ्तर म्हणतात. कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात, त्यांना रुमाल म्हणायचे, आणि असे तीस हजारांहून अधिक रुमाल तिथे आहेत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले आणि इनाम खाणाऱ्या प्रत्येकाला आपली सनद दाखवावी लागली. काजी, खतीब, मुलाणी, मुजावर, पीरजादे सगळे त्यात आले. इनाम कोणाला मिळाले, त्याला मुले किती, आज कोण खातो, असे सवाल-जबाब झाले आणि पुष्कळ ठिकाणी वंशावळी लिहून घेतल्या गेल्या. म्हणून आडनाव इनामदार, काजी किंवा मुजावर असेल, तर शोधाची सुरुवात तिथून करावी. मुलाणी हा गावच्या बलुत्यातला मानकरी. त्याच्या वतनाचे कागद १८७४ च्या वतन कायद्याखाली महसूल खात्याकडे गेले. मशीद किंवा दर्ग्याच्या मिळकतीचा वाद असेल तर आणखी एक जागा आहे. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने प्रत्येक मुतवल्लीला मिळकतीचे निवेदन कोर्टात द्यावे लागे. मुतवल्लीचे नाव आणि मिळकत त्या कागदांत सापडू शकते.

ज्यांच्याकडे इनाम नाही, वतन नाही, अशा आमच्यासारख्या साध्या शेतकरी घरांनी काय करावे? त्यांनी उलट्या बाजूने, आजच्या सातबाऱ्यापासून मागे जावे. आम्ही तेच केले.

सातबाऱ्यावर गोल केलेले आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. प्रत्येक फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेला एकेक बदल. कोण मयत झाला, वारस कोण, कोणी विकली, कोणी घेतली, हे त्यात लिहिलेले असते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला, म्हणजे शंभर वर्षांहून मागे जाता येते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून आम्ही एकामागून एक जुने फेरफार काढत गेलो. एका कचेरीत तीन वेळा "उद्या या" ऐकले. चौथ्या वेळी एका वयस्कर शिपायाने आपणहून बस्ता काढून दिला. अल्लाह त्याचे भले करो.

१९१४ च्या सुमाराचा एक फेरफार मोडीत होता. आम्हाला मोडी येत नाही. पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्ग केलेल्या एका तरुण मास्तरांनी तो वाचून दिला. कुणबी नोंदींच्या शोधापासून मोडी वाचणारे पुन्हा ठिकठिकाणी भेटू लागले आहेत, त्याचा फायदा सगळ्यांनीच घ्यावा. मुसलमानांतल्या काही व्यावसायिक जमातीही इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्यांच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तिथेही असाच कागद उपयोगी पडू शकतो.

त्या फेरफाराच्या शेवटी एक वाक्य होते: कोर्टाच्या हुकुमनाम्यावरून नोंद केली. पुढे दाव्याचा नंबर आणि साल. ज्यांना जुना खटला शोधायचा आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. नुसते नाव घेऊन कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले तर हाती काही लागणे कठीण. दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट, या तीन गोष्टी हाती असतील तर नकलेचा अर्ज करता येतो. नंबर नसेल तर निदान साल तरी पक्के करावे, म्हणजे त्या वर्षाच्या रजिस्टरात पक्षकारांची नावे पाहण्याची विनंती करता येते.

दुसरी गोष्ट, सगळे कागद मिळतील ही आशा धरू नये. जुन्या खटल्याचे पुष्कळ कागद ठरलेल्या मुदतीनंतर नियमानेच नष्ट करतात. अस्सल सनद किंवा खरेदीखत तर बहुधा पक्षकाराला परत दिलेले असते, म्हणजे ते कोर्टात नसून कोणाच्या तरी घरच्या पेटीत असू शकते. आम्हालाही दावा अर्ज मिळाला नाही, साक्षी मिळाल्या नाहीत. मिळाला तो फक्त हुकुमनामा, दोन पानांचा. पण हुकुमनाम्यात पक्षकारांची नावे, त्यांचे वर्णन, मागणी आणि निकाल एवढे असतेच.

नावे वाचण्याचीही एक रीत आहे. जुन्या कागदांत 'वलद' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' असेल तर अमक्याची बायको किंवा विधवा. 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, वयात न आलेले मूल. आजच्या सातबाऱ्यावरही 'अ.पा.क.' असे दिसते, तो हाच अज्ञान-पालनकर्ता. पेशवाईतला कागद असेल तर तारखेने घाबरू नये. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख आणि मग आपलाच महिना: रबिलाखर, जमादिलावल, साबान, जिल्हेज. सालही अरबी आकड्यांच्या शब्दांत असते. 'सबा अशर मयातैन व अलफ' हे मास्तरांना पाठ करावे लागले होते. आमच्या घरातल्या मदरशात जाणाऱ्या मुलीने ते लगेच उलगडले: सात, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे १२१७. हे सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८१६–१७.

आता त्या दोन पानांत काय होते ते सांगतो. नावे इथे छापत नाही, ती घरची अमानत आहे.

दावा लावणारे तिघे होते. पहिली, बडी माँ. तिचे खरे नाव आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. नवरा वारल्यावर तिने दोन दिरांवर जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता. दुसरा, तिचा अज्ञान मुलगा, वय सहा. हे फुफींचे अब्बा, म्हणजे आमचे दादा. आणि तिसरी, अज्ञान मुलगी, वय चार.

ही मुलगी कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. फ्लेक्सवर नाही, बोलण्यात नाही, कोणाच्या आठवणीतही नाही.

खटला राजीनाम्याने मिटला होता. अज्ञान मुलांच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते, ती घेतल्याचे लिहिले होते. मुलाला मागितल्यापैकी अर्धी जमीन मिळाली. बडी माँने अन्नवस्त्राच्या बदल्यात आपला हिस्सा सोडला. मुलीचा हिस्सा तिच्या लग्नाचा खर्च चुलत्यांनी करावा या अटीवर सोडला गेला. फराइजच्या हिशेबाने मयताच्या मिळकतीचे चोवीस भाग केले तर विधवेचे तीन, मुलाचे चौदा आणि मुलीचे सात. बडी माँला अक्षर येत नव्हते, हुकुमनाम्यात अंगठा असाच उल्लेख आहे. पण चोवीसातले सात कोणाचे, हे तिला ठाऊक असणार. त्याशिवाय चार वर्षांच्या मुलीचे नाव तिने दाव्यात घातले नसते.

तेव्हा तिची बाजू किती अवघड होती हेही समजून घ्यावे. मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमांप्रमाणे कोर्टे रूढीला मोठे स्थान देत. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींनी कुरआनाप्रमाणे वाटा मागितला, तेव्हा न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. शरियत कायदा १९३७ चा, आणि शेतजमीन त्यातही घेतली नव्हती. "आमच्यात मुली घेत नाहीत" हे वाक्य त्या काळी कोर्टातही बोलले जाई. आज कोर्टात नसेल, ओसरीत अजून बोलले जाते.

हुकुमनाम्याची नक्कल घेऊन आम्ही पुन्हा पिंपळवंडीला गेलो. आधी मोठ्या चाचांना दाखवली. ते त्या दिरांपैकी एकाचे नातू. त्यांनी मजकूर वाचून घेतला आणि म्हणाले, "मेलेल्यांचे मुडदे कशाला उकरता? आमच्या दादांचे नाव खराब करायचे आहे का?" त्यांचा राग खोटा नव्हता. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, जमीन मागायला कोणी आलेले नाही, शंभर वर्षांपूर्वीचा तो दावा संपला. नाव तेवढे लिहू द्या. ते उठून गेले. दुपारी मात्र स्वतःच म्हणाले, "लग्नाचा खर्च केला असेल ना रे त्यांनी? तेही शोधा."

ते शोधून सापडले नाही. पण फुफींना नक्कल वाचून दाखवली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अब्बा दर ईदच्या आधी बेल्ह्याला जायचे. एक गाठोडं घेऊन. त्यात बांगड्या असायच्या, एक लुगडं असायचं. आम्हाला वाटायचं, बाजाराला जातात." बेल्ह्याचा बाजार मोठा, म्हणून कोणी कधी विचारले नाही. ते गाठोडे त्या बहिणीसाठीच होते, असे कागदावर कुठेही नाही. फुफींना मात्र शंका उरलेली नाही.

नंतर त्यांनी आम्हाला एक काम सांगितले. त्यांचे अब्बा वारल्यानंतरचा फेरफार काढायला लावला. तो मोडीत नव्हता, साध्या मराठीत होता. वारस म्हणून तीन भावांची नावे आणि खाली ओळ: बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला. फुफी म्हणाल्या, "माझा अंगठा घेतला होता. मला वाटलं, रेशनचं काय तरी असेल."

इथे वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी जन्मत नाही आणि मरत नाही. आणि जमिनीचा हक्क सोडायचा तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र लागते. तोंडी जबाबाने तो सुटत नाही. प्रत्येक घरची गोष्ट वेगळी असते, मुदतीचेही प्रश्न येतात, म्हणून पुढचे पाऊल वकिलाला विचारूनच टाकावे. आमच्या घरात सध्या बोलणी चालू आहेत. फुफींचे दोन भाऊ हयात नाहीत, त्यांच्या मुलांपैकी एक राजी आहे, एक नाही. काय होईल ते आज सांगता येत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. घराण्याचा इतिहास शोधायला निघाल तर मन तयार ठेवून निघा. सनद सापडेल, काजीची मोहर सापडेल, पूर्वजांची शान वाटेल असेही काही सापडेल. त्याच बस्त्यात आपल्या दादा-परदादांनी कोणाचा वाटा ठेवून घेतला तेही सापडेल. पहिला कागद फ्रेम करून टांगायचा आणि दुसरा पेटीत दडपायचा, हे बरोबर नाही. दोन्ही कागद त्याच घरचे आहेत.

सुरुवात सोपी आहे. या महिन्यात घरच्या सातबाऱ्यावरचे फेरफाराचे नंबर एका वहीत उतरवून काढा. घरात जी सर्वांत वयस्कर बाई असेल तिच्याजवळ बसा आणि तिला तिच्या आईचे नाव, दादीचे नाव, नानीचे नाव विचारा. ज्या नावांनी हाक मारत ती नव्हेत, खरी नावे. मोडीतला एखादा कागद पेटीत किंवा जुजदानात घडी करून ठेवलेला असेल तर तो तावीज समजून तसाच ठेवू नका, वाचून घ्या. कागद तुटका असेल तर चिकटपट्टी लावू नका, सपाट ठेवा आणि फोटो काढून घ्या.

पिंपळवंडीचा तो फ्लेक्स अजून ओसरीत आहे. नवा छापायचे ठरले आहे, पण तोपर्यंत चुलतभावाच्या मुलीने जुन्यावरच काळ्या मार्करने नावे लिहिली आहेत. बडी माँ, तिच्या खऱ्या नावाने. तिच्याखाली दादांच्या शेजारी एक नवे पान काढले आहे, त्यात त्या चार वर्षांच्या मुलीचे नाव. आणि त्याखालच्या पिढीत फुफी. फुफींनी चष्मा लावून पाहिले आणि आपल्या नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेतला.